वारेत दडलेला हिवताप

मलेरियाच्या पाठ्यपुस्तकांत एक विधान पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. मलेरियाग्रस्त प्रदेशात जन्मलेल्या बाळाला पहिले सहा महिने हा आजार सहसा होत नाही, असे ते विधान. ते खोटे नाही, आणि त्यामागे भक्कम निरीक्षणे आहेत. पण त्याच्या भरवशावर जगाने जी व्यवस्था उभी केली, तिच्यात नवजात बाळाला जागाच राहिली नाही. मलेरियाच्या गोळ्या पाच किलो आणि त्याहून जास्त वजनाच्या मुलांसाठी बनल्या. लस पाचव्या महिन्यापासून पुढे द्यायची ठरली. आकडेवारी ‘पाच वर्षांखालील मुले’ अशा एकाच रकान्यात भरली जाऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू संघटनेच्या आफ्रिका विभागातले आणि तिथल्या मृत्यूंपैकी सुमारे ७६ टक्के पाच वर्षांखालच्या मुलांचे. या रकान्यात चार वर्षांचे धावते-खेळते मूल आणि चार दिवसांचे तान्हे बाळ शेजारीशेजारी बसतात. दोघांचा मलेरिया मात्र एक नसतो. मोठ्या मुलाचा आजार डासाच्या दंशापासून सुरू होतो. नवजात बाळाचा आजार बहुधा जन्माच्या कित्येक महिने आधी, आईच्या वारेत सुरू झालेला असतो. बाळाच्या रक्तात परजीवी सापडतात का, एवढ्यावरच नवजाताच्या मलेरियाचे माप काढले, तर त्याचा सर्वांत मोठा भाग नजरेआड होतो. हे मला दाखवायचे आहे, कारण त्या नजरेआड होण्याची किंमत बाळे मोजत आली आहेत.

आधी बाळाचे संरक्षण कशाने होते ते पाहू. वर्षानुवर्षे डास चावून घेतलेल्या आईच्या रक्तात मलेरियाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर काही महिन्यांत हळूहळू संपतात. दुसरे, नवजाताच्या तांबड्या पेशींत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते. अशा पेशींत शिरलेल्या परजीवीला रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटून राहणे अवघड जाते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तिसरे, आईच्या दुधात पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल फार कमी असते, आणि परजीवीला वाढीसाठी ते लागते. शिवाय तान्हे बाळ गुंडाळलेले, आईच्या कुशीत, पुष्कळदा मच्छरदाणीत असते, त्यामुळे डासांच्या वाट्याला ते कमी येते. या चारही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतली पहिली सर्वस्वी आईवर अवलंबून आहे. आईची प्रतिकारशक्ती तोकडी असेल, तर बाळाला मिळणारा वाटाही तोकडाच. आणि ज्या भागात मलेरिया आटोक्यात येऊ लागतो तिथे तरुण स्त्रियांच्या अंगातली प्रतिपिंडे कमी होत जातात. म्हणजे मोहिमेला यश येत असतानाच्या काळात, आजार पुरता जाण्याआधी, बाळाचे हे उसने कवच आधी पातळ होते. ‘सहसा होत नाही’ हे विधान जिथे केले गेले तिथली परिस्थिती बदलली की ते विधानही पुन्हा तपासावे लागते.

आता वारेकडे येऊ, कारण सारे रहस्य तिथे आहे. फाल्सिपारम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत वाढू लागला की त्या पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिने मांडतो. त्यांच्या साहाय्याने ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटते आणि रक्ताबरोबर प्लीहेकडे वाहून जाणे टाळते. प्लीहेत गेली तर ती गाळली जाण्याची शक्यता असते, म्हणून हा खटाटोप. मलेरियाग्रस्त भागात वाढलेल्या प्रौढ स्त्रीच्या शरीराला अशी बहुतेक प्रथिने ओळखीची झालेली असतात. पण गरोदरपणात शरीरात एक नवाच अवयव तयार होतो, तो म्हणजे वार. तिच्या पृष्ठभागावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाची शर्करासाखळी असते. मिशल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की वारेतून मिळालेल्या परजीवीग्रस्त पेशी नेमक्या याच साखळीला चिकटतात. पुढे या चिकटण्यामागचे व्हीएआर२सीएसए हे प्रथिनही ओळखले गेले. पहिलटकरणीच्या शरीराने हे प्रथिन पूर्वी कधी पाहिलेलेच नसते, कारण वार हीच तिच्यासाठी नवी असते. म्हणून लहानपणापासून मलेरियाशी झुंजून तग धरलेली स्त्रीही पहिल्या गरोदरपणात पुन्हा असुरक्षित होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि धोका कमी होतो. मलेरियाग्रस्त आफ्रिकेत पहिल्या बाळांची वजने इतकी कमी का भरतात, याच्या कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण आहे.

या यंत्रणेचा सर्वांत घातक भाग म्हणजे तिचा गुप्तपणा. परजीवी वारेत ठाण मांडून बसल्यामुळे आईच्या बोटातून घेतलेल्या रक्तात ते दिसतीलच असे नाही. ताप येईलच असेही नाही. बाई शेतात राबते, पाणी भरते, चूल पेटवते, आणि इकडे वारेत दाह चालू असतो. पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, बाळाकडे अन्न आणि प्राणवायू पोचवणारे पडदे जाड होतात, रक्तपुरवठा नीट होत नाही. परिणामी बाळ पुरेसे वाढत नाही किंवा दिवस भरण्याआधीच जन्मते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या मध्यम आणि तीव्र संसर्गाच्या ३३ देशांत अंदाजे ३ कोटी ५४ लाख स्त्रिया गरोदर राहिल्या आणि त्यांपैकी १ कोटी २७ लाख, म्हणजे तीनपैकी एकीहून जास्त, गरोदरपणात मलेरियाच्या संसर्गाला सामोऱ्या गेल्या. कमी वजनाचे बाळ पहिल्या महिन्यात श्वास, ऊब आणि जंतुसंसर्ग यांच्याशी लढताना हरते, तेव्हा मृत्यूच्या नोंदीत ‘अपुऱ्या दिवसांचे’ किंवा ‘कमी वजन’ असे लिहिले जाते. मलेरियाचे नाव कुठेच येत नाही. गरोदरपणातल्या मलेरियामुळे दर वर्षी ७५ हजार ते २ लाख अर्भके दगावत असावीत, असा एक अंदाज २००१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो जुना आहे आणि त्याच्या दोन टोकांतले अंतरही मोठे आहे. पण खालचे टोक धरले तरी ते मृत्यू नवजाताच्या मलेरियाच्या हिशेबात मांडलेलेच नसतात.

वारेतल्या संसर्गाचा ठसा पहिल्या महिन्याच्या पुढेही राहतो. दक्षिण कॅमेरूनमध्ये १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या बाळांच्या वारेत परजीवी होते, त्यांना पहिल्या दोन वर्षांत मलेरियाचा त्रास अधिक झाला. टांझानियातल्या मुहेझा इथल्या संशोधनानेही असा संबंध दाखवला, मात्र आईची ही कितवी खेप यावर तो अवलंबून होता. एक स्पष्टीकरण असे दिले जाते की गर्भातच परजीवीच्या अंशांशी ओळख झाल्याने बाळाची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके मानण्यात ढिली पडते. दुसरे असे की ज्या घरातल्या आईला डास जास्त चावतात त्याच घरातल्या बाळालाही चावतात, मग वारेला दोष कशाला? ही शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण निरसन झालेले नाही. तरीही वारेतला संसर्ग ही बाळंतपणाबरोबर मिटणारी गोष्ट नाही, एवढे मानायला पुरेसा आधार आहे.

बाळाच्या स्वतःच्या रक्तातल्या परजीवींचे काय? इथे पुरावे एकमेकांविरुद्ध उभे आहेत असे वाटते. नायजेरियातल्या अनेक केंद्रांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,८७५ नवजात बाळांपैकी ५.१ टक्के बाळांच्या रक्तात परजीवी सापडले. म्हणजे वीस बाळांमागे एक. पण त्यांतल्या दहापैकी सहाहून अधिक बाळांच्या रक्तातून परजीवी औषधाविना, दुसऱ्या दिवसाआधीच नाहीसे झाले. उलट केनियाच्या किलिफी इथल्या रुग्णालयात आठ वर्षांत दाखल झालेल्या नवजात बाळांत परजीवी सापडण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. त्या संशोधकांनी हा आजार तिथे दुर्मीळ असल्याचा निष्कर्ष काढला. इथूनच मुख्य आक्षेप निघतो. आजार विरळा आहे, झाला तरी बऱ्याचदा आपोआप जातो, मग गरीब देशांच्या तुटपुंज्या पैशांतून त्यासाठी वेगळी तरतूद कशाला? जगात २०२२ मध्ये २३ लाख बाळे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावली, आणि त्यांची मुख्य कारणे अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही आहेत. पैसा तिकडेच गेला पाहिजे, असे कोणी म्हटले तर ते निष्ठुरपणाचे बोलणे नव्हे.

पण दोन्ही अभ्यास नीट वाचले तर त्यांच्यात भांडण उरत नाही. एकाने सगळ्या नवजातांचे रक्त पाहिले, दुसऱ्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांचे. प्रदेश वेगळे, संसर्गाची तीव्रता वेगळी, आणि परजीवींची संख्या इतकी कमी की ते काचेवर दिसणे हा तपासणाऱ्याच्या चिकाटीचा प्रश्न. ‘बहुतेकांच्या रक्तातून आपोआप गेले’ याचा दुसरा अर्थ असा की उरलेल्यांच्या रक्तातून गेले नाहीत, आणि त्या उरलेल्यांत कोण मोडते हे जन्माच्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. राहिला प्रश्न पैशाचा. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि कमी वजन ही नवजात मृत्यूंची मोठी कारणे असतील, तर त्या कारणांमागचे एक कारण वारेतला मलेरिया आहे. तेव्हा इकडचा पैसा काढून तिकडे नेण्याचा हा प्रश्नच नाही. गरोदर बाईचा मलेरिया रोखण्यावर केलेला खर्च हा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणावर केलेलाच खर्च आहे.

डॉक्टरसमोरची अडचण मात्र खरी आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. दहा दिवसांचे बाळ दूध ओढत नाही, मलूल पडले आहे, अंग तापले आहे किंवा उलट गार पडले आहे, डोळ्यांत कावीळ दिसते आहे. ही लक्षणे मलेरियाची असू शकतात आणि रक्तातल्या जंतुसंसर्गाचीही. जंतुसंसर्गात उशीर झाला तर बाळ काही तासांत जाऊ शकते. म्हणून काही बालरोगतज्ज्ञांना अशी धास्ती वाटते की नवजाताच्या मलेरियाचा फार गाजावाजा केला, तर रक्तात चार परजीवी दिसताच डॉक्टर निर्धास्त होतील, प्रतिजैविके देणार नाहीत, आणि खरा मारेकरी सुटून जाईल. किलिफीचा अनुभव याच भीतीला दुजोरा देतो. ही धास्ती मला पूर्णपणे मान्य आहे. तीतून निघणारा नियम असा असावा की मलेरियाग्रस्त भागात आजारी नवजाताचे रक्त मलेरियासाठी तपासावे, पण परजीवी सापडले म्हणून प्रतिजैविके थांबवू नयेत. दोन्ही उपचार बरोबर चालावेत. झटपट निदानाच्या पट्टीवर विसंबतानाही जपले पाहिजे. ती परजीवीच्या ज्या प्रथिनाचा माग काढते ते परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात राहू शकते, आणि परजीवी अगदी थोडे असतील तर पट्टी काहीच दाखवत नाही. आईच्या रक्ताचा आणि गरोदरपणातल्या तापाचा इतिहास इथे पट्टीइतकाच मोलाचा ठरतो.

निदान झाले तरी औषध कोणते द्यायचे? अनेक दशके याचे उत्तर मोठ्या मुलांच्या गोळीचा तुकडा हे होते. पाच किलोखालच्या बाळाला पाच किलोच्या मुलाच्या हिशेबाने औषध द्यावे, असा सल्ला दिला जाई, कारण दुसरे काही हाती नव्हते. पण नवजात म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. औषधे मोडणारी यकृतातली विकरे जन्माच्या वेळी अपरिपक्व असतात, मूत्रपिंडे पुरती तयार नसतात, औषध आतड्यातून किती शोषले जाईल हे दुधातल्या स्निग्धांशावरही ठरते. आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिन या जोडऔषधाचा अभ्यास पाच किलोखालच्या बाळांवर झाला, तेव्हा मोठ्या मुलांच्या प्रमाणात औषध दिल्यावर बाळाच्या रक्तात आर्टेमेथर अपेक्षेच्या दुप्पट-तिप्पट भरत असल्याचे आढळले. म्हणून एका भागाला सहा भागांऐवजी बारा भाग असे नवे प्रमाण ठरवण्यात आले. नोव्हार्टिस आणि मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर यांनी मिळून विकसित केलेल्या या औषधाला, कोआर्टेम बेबीला, स्वित्झर्लंडच्या औषध नियामक संस्थेने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या मूल्यमापनात बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, केनिया, मलावी, मोझांबिक, नायजेरिया, टांझानिया आणि युगांडा या आठ देशांनी भाग घेतला. दोन ते पाच किलो वजनाच्या बाळांसाठी असलेली ही विरघळणारी गोळी आईच्या दुधातही देता येते. तुकड्यांनी इतकी वर्षे काम भागलेच ना, असे यावर म्हणता येईल. भागले, कारण किती बाळांचे भागले नाही याची मोजणी कोणी केली नव्हती. अर्थात ही गोळी साध्या मलेरियासाठी आहे. अत्यवस्थ बाळाला शिरेतून किंवा स्नायूत आर्टेसुनेटच द्यावे लागते, आणि ते देणारे हात जवळ असावे लागतात.

गोळीने वारेतले नुकसान भरून येत नाही. ते रोखायचे तर आईपर्यंत पोचावे लागते, आणि त्याचा मार्ग माहीत आहे. आफ्रिकेतल्या मलेरियाग्रस्त भागात गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीपासून, किमान महिन्याच्या अंतराने, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनचे निदान तीन डोस द्यावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तपासणीत परजीवी सापडोत वा न सापडोत, हे औषध द्यायचे, कारण वारेतला संसर्ग तपासणीत सापडेलच याची खात्री नसते. औषध जुने आणि स्वस्त आहे. तरीही २०२३ मध्ये तीन डोस मिळालेल्या गरोदर स्त्रिया फक्त ४४ टक्के होत्या, आणि एकदा तरी तपासणीला येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे. म्हणजे बाई दवाखान्याच्या दारापर्यंत येते आणि औषधाविना परत जाते. कुठे ती उशिरा येते, कुठे साठा संपलेला असतो. या औषधाला परजीवी सरावले आहेत, मग त्याचा आग्रह का, असा आणखी एक प्रश्न विचारला जातो. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत प्रतिरोध वाढला आहे हे खरेच. पण केनिया, मलावी आणि टांझानियात झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मलेरियावर अधिक प्रभावी असलेल्या दुसऱ्या औषधानेही बाळंतपणातले वाईट परिणाम या जुन्या औषधापेक्षा कमी झाले नाहीत. हे औषध मलेरियाखेरीज इतर काही मार्गांनीही बाळाच्या वजनाला मदत करत असावे, असे त्यावरून मानले जाते. काँगो, मादागास्कर, मोझांबिक आणि नायजेरियात गावातल्या आरोग्यसेवकांकरवी ते घरोघर पोचवण्याचा उपक्रम झाला, आणि डोस घेणाऱ्या बायका वाढल्या.

लसीचा भरवसा मात्र या वयात धरता येत नाही. आरटीएस,एस आणि आर२१ या दोन्ही लसी पाचव्या महिन्याच्या सुमारास सुरू होतात. पहिलीच्या चाचणीत सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांना पहिल्या वर्षात मिळालेले संरक्षण सुमारे ३१ टक्के होते, तर पाच महिन्यांपुढच्या मुलांत ते ५५ टक्क्यांच्या आसपास. व्हीएआर२सीएसएवर आधारलेल्या, गरोदरपणासाठीच्या लसींच्या चाचण्या अजून प्राथमिक टप्प्यावर आहेत. त्या यशस्वी झाल्या तर पहिलटकरणीला आजवर न मिळालेले संरक्षण मिळेल.

भारतात चित्र थोडे वेगळे आहे. इथे संसर्ग विरळ असल्याने आयांची प्रतिकारशक्ती कमी असते, आणि बाळाला जन्मजात मलेरिया झालाच तर तो आपोआप जाण्याऐवजी लक्षणांसह उभा राहण्याचा धोका जास्त. फाल्सिपारमखेरीज व्हायवॅक्स जातीचा परजीवीही इथे मोठ्या प्रमाणावर आढळतो. व्हायवॅक्स मोठ्या माणसाच्या यकृतात दडून महिन्यांनी उलटतो, म्हणून त्याला प्रायमाक्विन देतात. जन्मजात व्हायवॅक्समध्ये परजीवी थेट आईच्या रक्तातून आलेले असतात, यकृताचा टप्पा घडलेलाच नसतो, त्यामुळे बाळाला प्रायमाक्विन लागतही नाही आणि ते द्यायचेही नसते. पण आईला गरोदरपणात ते देता येत नाही आणि तिच्या यकृतातला साठा तसाच राहतो. म्हणून बाळंतपणानंतर आईचा पाठपुरावा सुटता कामा नये. महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार वाहणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यातच नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याचा डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा प्रयोग झाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार प्रशिक्षित गावकरी आरोग्यदूतांनी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. तो प्रयोग मुख्यतः जंतुसंसर्ग आणि कमी वजनाच्या बाळांसाठी होता. पण पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या अंगणापर्यंत पोचता येते, बाळाचे वजन घरातच करता येते, आजारी बाळ वेळेत ओळखता येते, हे त्याने सिद्ध केले. मलेरियाच्या जिल्ह्यांत त्याच घरभेटीत आईच्या गरोदरपणातल्या तापाची विचारणा आणि आजारी बाळाच्या रक्ताची काच एवढी भर घालण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही.

आणखी एक दुरुस्ती कागदावरची आहे आणि ती कोणत्याही औषधाहून स्वस्त आहे. मलेरियाच्या नोंदवहीत पहिल्या २८ दिवसांचा वेगळा रकाना हवा. प्रसूतीच्या नोंदवहीत आईला मलेरियाप्रतिबंधक किती डोस मिळाले आणि बाळाचे वजन किती भरले, हे एकाच ओळीत हवे. या दोन नोंदी जुळल्या की कोणत्या दवाखान्यात औषध संपले आणि त्या महिन्यात किती बाळे दोन-अडीच किलोच्या खाली जन्मली, हे तिथल्या परिचारिकेलाही दिसेल आणि पुढच्या तिमाहीचा औषधसाठा मागवणाऱ्या जिल्हा अधिकाऱ्यालाही.